जामिनावर सुटलेला मोठा माणूस पळून जाईल का? कोल्हापुरात मला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी कसबा बावड्यातल्या जिल्हा न्यायालयात फौजदारी वकिली करते. टीव्हीवर एखाद्या नटाला, पुढाऱ्याला किंवा बाबाला जामीन मिळाल्याची पट्टी फिरली, की दुसऱ्या दिवशी कोर्टाबाहेरच्या चहाच्या गाड्यावर माझीच उलटतपासणी सुरू होते. पक्षकार, पक्षकारांचे पाहुणे, रिक्षावाले मामा, सगळ्यांना एकच काळजी. खालचे प्रश्न तिथलेच आहेत. दोन-तीन लग्नाच्या पंगतीत आलेले. तीच ती उत्तरं देऊन घसा बसायला लागला, म्हणून एकदाचं लिहून काढते. ज्यांची नावं येतील त्यांतलं कुणी माझं अशील नाही, आणि ज्यांचा खटला अजून सुरू आहे ते माझ्या लेखी फक्त आरोपी आहेत.

“मॅडम, ह्यो सुटला. आता दुबई गाठणार का न्हाई?”

बहुतेक नाही. असं विचारणाऱ्याच्या डोळ्यांसमोर ठरावीक चेहरे असतात: विजय मल्ल्या, नीरव मोदी, ललित मोदी. पण यांपैकी एकही जण जामिनावरून पळालेला नाही. मल्ल्या २ मार्च २०१६ला दिल्लीहून विमानात बसला, तेव्हा तो राज्यसभेचा खासदार होता आणि त्याला अटक झालेलीच नव्हती. त्याच्या नावाची लुकआउट नोटीस होती, पण ती ‘अडवा’ऐवजी ‘फक्त कळवा’ अशी करून ठेवलेली. नीरव मोदी १ जानेवारी २०१८ला गेला आणि बँकेची तक्रार सीबीआयकडे पोचली त्या महिन्याच्या अखेरीस. ललित मोदीने २०१०मध्येच देश सोडला.

जाणारा जातो तो गुन्हा नोंद होण्याआधी, किंवा गुन्हा नोंद आणि अटक यांच्यामधल्या फटीत. जामीन मिळाला म्हणजे माणूस एकदा तरी पोलिसांच्या हाती लागलेला असतो. बोटांचे ठसे दिलेत, पासपोर्ट जमा झालाय, कुणीतरी सातबारा जोडून त्याला जामीन राहिलंय. आपल्याकडचंच बघा. कॉम्रेड गोविंद पानसरे यांच्या खुनाच्या खटल्यात जे दोघं वर्षानुवर्षं फरार दाखवले गेले, त्यांना मुळात कधी अटकच झाली नव्हती.

“म्हणजे जामिनावरून मोठा माणूस पळालाच नाही म्हणता?”

असं कसं म्हणेन. पळालेत. कमी आहेत, पण जे आहेत ते शिकवून जाणारे आहेत.

पहिला वॉरन अँडरसन, युनियन कार्बाइडचा अध्यक्ष. भोपाळची वायुदुर्घटना २-३ डिसेंबर १९८४च्या रात्रीची. ७ डिसेंबरला तो भोपाळला आला, अटक झाली आणि त्याच दिवशी २५,००० रुपयांच्या बंधपत्रावर सुटला. बोलावलं की हजर राहीन असं लिहून दिलं. सरकारी विमानाने त्याला दिल्लीला पोचवलं, तिथून तो अमेरिकेला गेला आणि परत आला नाही. १९९२मध्ये न्यायालयाने त्याला फरार घोषित केलं, २०१४मध्ये तो तिकडेच वारला. याला पळाला म्हणताना माझी जीभ जरा अडखळते. ज्याला विमानापर्यंत सोडायला सरकारच गेलं, तो पळाला की पाठवला?

दुसरा नित्यानंद, दक्षिणेतला स्वयंघोषित गुरू. बलात्काराच्या आरोपाखाली एप्रिल २०१०मध्ये अटक, जूनमध्ये जामीन. त्यानंतर खटला रखडत राहिला तो थेट २०१८-१९पर्यंत. त्याच्या पासपोर्टची मुदत सप्टेंबर २०१८मध्ये संपली होती आणि नवा मिळालेला नव्हता. तरीही २०१९च्या अखेरीस गुजरात पोलिसांनी सांगितलं की स्वारी देशात नाही. फेब्रुवारी २०२०मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने जामीन रद्द केला, पण रद्द कुणाचा करणार, माणूस तर ‘कैलासा’ नावाच्या स्वतःच्याच देशाच्या गोष्टी सांगत कुठंतरी बसलेला. जामिनाच्या पहिल्या महिन्यात सगळ्यांचं लक्ष असतं: कॅमेरे असतात, हजेरी असते, हवालदारालाही चेहरा पाठ असतो. आठव्या-नवव्या वर्षी तारखेला वकिलाचा फक्त गैरहजेरीचा अर्ज येतो आणि कुणाला काही वाटेनासं होतं. दोरी कापली जात नाही, ती झिजते.

परदेशातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण कार्लोस घोन याचं, निसान कंपनीचा माजी अध्यक्ष. टोकियोत जामिनावर होता, एकूण दीड अब्ज येन भरलेले, घराच्या दारावर कॅमेरा. २९ डिसेंबर २०१९ला वाद्यांच्या साउंड सिस्टिमच्या मोठ्या पेटीत बसून तो ओसाकाजवळच्या कन्साई विमानतळावरून खासगी विमानाने इस्तंबूल आणि तिथून बैरूटला पोचला. लेबनॉन आपल्या नागरिकाला दुसऱ्या देशाच्या हवाली करत नाही. दीड अब्ज येन जप्त झाले. त्याच्या लेखी ते तिकिटाचे पैसे.

सिनेदिग्दर्शक रोमन पोलान्स्कीचं थोडं वेगळं. अल्पवयीन मुलीबाबतच्या गुन्ह्याची कबुली देऊन झालेली, शिक्षा सुनावली जायची होती, तेवढ्यात फेब्रुवारी १९७८मध्ये तो फ्रान्सला निघून गेला. २००९मध्ये झुरिकला पकडला गेला, पण पुढच्या वर्षी स्वित्झर्लंडने त्याला अमेरिकेकडे द्यायला नकार दिला.

“कोर्ट ठरवतं कसं, की हा पळणार नाही? तोंड बघून?”

कायद्याच्या भाषेत तीन गोष्टी तपासतात: पळून जाईल का, पुराव्यात ढवळाढवळ करेल का, साक्षीदारांवर दबाव आणेल का. त्यात गुन्ह्याचं गांभीर्य मिसळतं. पळण्याबद्दल न्यायाधीश बघतात ते माणसाची मुळं: घर कुठं आहे, शेती-धंदा कुठं, मुलं कुठल्या शाळेत, आधीच्या तारखांना हजर होता का, तपासाला बोलावलं तेव्हा आला का. शिवाय परदेशात पैसा किंवा दुसऱ्या देशाचं नागरिकत्व आहे का.

‘श्रीमंत आहे, म्हणजे पळणारच’ हा युक्तिवाद सरकारी वकील करतात. पण २०१९मध्ये पी. चिदंबरम यांच्या जामिनात सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य केला नाही. बाकीचे कुणी पळाले म्हणून याच्यावरही तोच शिक्का मारता येत नाही, ज्याचं त्याचं वेगळं बघायचं, असं न्यायालय म्हणालं. मला ते पटतं. शेजारच्या गल्लीतल्या पोराने उधारी बुडवली म्हणून दुकानदाराने तुमची वही बंद केली तर चालेल का?

चेहरा ओळखीचा असणं हे तर पळणाऱ्याच्या विरोधातच जातं. आणि परत येणारेही असतात. संजय दत्तचं नाव बॉम्बस्फोटाच्या तपासात आलं तेव्हा तो मॉरिशसला शूटिंगवर होता. एप्रिल १९९३मध्ये तो मुंबईला उतरला आणि विमानतळावरच त्याला अटक झाली. १९९५मध्ये जामीन झाला, शिक्षा कायम झाल्यावर मे २०१३मध्ये तो स्वतः चालत शरण आला आणि उरलेली शिक्षा भोगून फेब्रुवारी २०१६मध्ये येरवड्यातून सुटला. ज्या नटाचा धंदा पडद्यावर तोंड दाखवण्याचा आहे, तो तोंड लपवून खाणार काय?

“पासपोर्ट काढून घेतला की काम झालं, नाही का?”

अर्धंच झालं. मुळात पासपोर्ट ‘काढून घेणं’ हे दिसतं तेवढं सोपं नाही. पोलीस तो तपासासाठी ताब्यात घेऊ शकतात, पण अडकवून ठेवण्याचा अधिकार १९६७च्या पासपोर्ट कायद्याखाली पासपोर्ट अधिकाऱ्याचा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००८मध्ये सुरेश नंदा प्रकरणात हे स्पष्ट केलं. म्हणून जामिनाच्या आदेशात बहुतेक वेळा ‘आरोपीने पासपोर्ट जमा करावा’ असं येतं. परदेशी जाण्याचा हक्क हा जगण्याच्या आणि स्वातंत्र्याच्या हक्कातच येतो, हे १९७८च्या मनेका गांधी निकालापासून ठरलेलं आहे. त्यामुळे ‘आरोपी आहे, सोडूच नका’ असं सरसकट चालत नाही. सलमान खान खटल्यांच्या काळात कोर्टाची परवानगी घेऊन परदेशी गेला आणि परत आला.

उरलेलं अर्धं म्हणजे नेपाळ. भारतीय माणसाला तिकडे जायला पासपोर्ट लागत नाही आणि सीमा उघडी आहे. पलीकडे गेल्यावर पुढचं विमान पकडायला मात्र कागद लागतोच, आणि तो खरा मिळवणं अवघड, खोटा मिळवणं महाग. इथं पैसा असलेल्याचं पारडं जड होतं, हे मान्य करायलाच हवं.

जाता जाता, हे नटांपुरतं नाही. आखातात नोकरी लागलेली पोरं माझ्याकडे येतात, गल्लीतल्या जुन्या मारामारीची केस प्रलंबित असते आणि पासपोर्ट अडकलेला असतो. रडत बसू नका. १९९३च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेनुसार कोर्टाच्या परवानगीने पासपोर्ट मिळतो. आदेशात मुदत लिहिलेली नसेल तर एक वर्षाचा. म्हणून अर्जातच मुदत मागा.

“लुकआउट नोटीस म्हणजे नेमकं काय?”

इमिग्रेशनच्या संगणकात नाव चढवणं. पोलीस किंवा तपास यंत्रणा मागणी करते, आणि ती यंत्रणाच काढायला सांगत नाही तोवर नाव तिथंच राहतं. सरकारी बँकांनाही अशी मागणी करायचा अधिकार दिला होता, तो मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०२४मध्ये रद्दबातल ठरवला.

ही जाळी फक्त इमिग्रेशनच्या खिडकीवर असते. उजळाईवाडीहून परदेशी विमान उडत नाही, म्हणजे आपल्याकडच्याला निदान गोवा किंवा मुंबई गाठावी लागेल, आणि तिथं संगणक आहे.

“पायात ते मशीन का बांधत नाहीत? मोबाईलवर दिसेल की कुठं आहे ते.”

जम्मू-काश्मीरमध्ये २०२३मध्ये दहशतवादाच्या गुन्ह्यातल्या एका आरोपीला जामिनावर सोडताना पायात जीपीएस पट्टी बांधली होती. पण जुलै २०२४मध्ये फ्रँक व्हायटस प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की आरोपीची प्रत्येक हालचाल पोलिसांना सतत दिसत राहील अशी अट घालता येणार नाही. गुगल मॅपवर पिन टाकून ठेवायची अट तिथं काढून टाकली. जामीन द्यायचा आणि तुरुंग खिशात घालून पाठवायचा, असं होत नाही.

“हद्द सोडू नये म्हणजे कोगनोळीच्या पुढं गेलं तरी गुन्हा?”

आदेशात काय लिहिलंय त्यावर. कागलच्या पुढं दूधगंगेचा पूल ओलांडला की कर्नाटक लागतं, आणि निपाणीला सासुरवाडी असलेले अर्धं कोल्हापूर आहे. ‘जिल्ह्याबाहेर जाऊ नये’ अशी अट असेल तर पूल ओलांडण्याआधी अर्ज द्या. अट मोडली म्हणून लगेच बेड्या पडत नाहीत, पण जामीन रद्द करायचा अर्ज आला तर पहिला मुद्दा तोच असतो.

मोठ्यांनाही हे चुकत नाही. ऑक्टोबर २०२१मध्ये आर्यन खानला जामीन मिळाला तेव्हा चौदा अटी होत्या: पासपोर्ट जमा, दर शुक्रवारी तपास यंत्रणेच्या कार्यालयात हजेरी, मुंबई सोडायची असेल तर कुठं-कसा जाणार ते आधी कळवायचं. अशा अटीवरचा नट मोरेवाडीच्या चित्रनगरीत शूटिंगला यायचा म्हटला तरी आधी कागद हलावा लागेल. शुक्रवारची हजेरी दोन महिन्यांत शिथिल झाली, आणि मे २०२२मध्ये त्याच्याविरुद्ध दोषारोपपत्रच दाखल झालं नाही. अटी जाचक वाटल्या तर बदलून मागता येतात, हे सामान्य माणसाला कुणी सांगत नाही.

“कोरटकर तर पळालाच होता की! त्याचं काय?”

हा प्रश्न कोल्हापुरात येणारच. फेब्रुवारी २०२५मध्ये इतिहास अभ्यासक इंद्रजित सावंत यांना फोनवर धमकी दिल्याचा आणि छत्रपतींबद्दल आक्षेपार्ह बोलल्याचा गुन्हा नागपूरच्या प्रशांत कोरटकरवर जुना राजवाडा पोलीस ठाण्यात नोंद झाला. सुरुवातीला अटकेपासून अंतरिम संरक्षण मिळालं, मार्चमध्ये सत्र न्यायालयाने अटकपूर्व जामीन नाकारला. मधल्या दिवसांत तो दुबईला पोचल्याची चर्चा इतकी रंगली की रंकाळ्यावर भेळ खाणाराही विमानाची वेळ सांगत होता. प्रत्यक्षात तो तेलंगणात सापडला, कळंब्याच्या तुरुंगात राहिला आणि एप्रिलमध्ये रीतसर जामिनावर सुटला. म्हणजे गायब होण्याचा सगळा काळ अटकेच्या आधीचा. आणि दुबई वगैरे आपल्या गप्पांमधलीच.

“आणि खरंच पळाला तर?”

तारखेला गैरहजर राहिला की आधी अजामीनपात्र वॉरंट निघतं आणि बंधपत्र जप्तीच्या नोटिसा जातात. सापडत नाही म्हटल्यावर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ८४ची उद्घोषणा होते, निदान तीस दिवसांची मुदत देऊन. घराच्या दारावर कागद चिकटतो, गावात दवंडीही देता येते. कलम ८५खाली मालमत्तेवर टाच येते. जामिनावर असून हजर न राहणं हा वेगळा गुन्हा आहे, न्याय संहितेच्या कलम २६९खाली एक वर्षापर्यंत शिक्षा. गंभीर गुन्ह्यात ‘घोषित गुन्हेगार’ ठरला तर कलम २०९खाली ती सात वर्षांपर्यंत जाते.

१ जुलै २०२४पासून एक नवी गोष्ट आली. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३५६. पळालेला घोषित गुन्हेगार नजीकच्या काळात सापडण्याची आशा नसेल, तर दोषारोप निश्चित होऊन नव्वद दिवस झाल्यावर, दोन वॉरंटं आणि वर्तमानपत्रातली नोटीस वगैरे सोपस्कार पुरे करून, त्याच्या गैरहजेरीत खटला चालवून निकाल देता येतो. पूर्वी आरोपी नाही म्हणून फाईल कपाटात जायची. परदेशातून माणूस आणणं ही मात्र वेगळीच चिकाटी. अबू सालेमला पोर्तुगालने २००५मध्ये दिला तो फाशी नाही आणि पंचवीस वर्षांपेक्षा जास्त कैद नाही, ही हमी घेऊन.

“मग तुम्हाला कशाची भीती वाटते, पळण्याची नाही तर?”

न पळण्याची.

हसू नका. नामवंत आरोपी जामिनावर सुटून घरी बसतो तेव्हा विमानतळावर काही घडत नाही, घडतं ते साक्षीदाराच्या उंबऱ्यावर. प्रत्येक वेळी धमकी लागत नाही. गाडी दारात थांबते, कुणीतरी ओळखीचा चहाला येतो, पोराच्या नोकरीचा विषय निघतो. पुढच्या तारखेला साक्षीदाराला अंधारात चेहरा दिसला नव्हता हे आठवतं. याला आम्ही ‘फितूर झाला’ म्हणतो. फरार आरोपीचा शोध तरी घेता येतो. साक्षीदार एकदा उलटला की त्याचा शोध कुठं घेणार?

कन्नड नट दर्शनचं प्रकरण याच अंगाने वाचा. एका चाहत्याच्या खुनाच्या आरोपाखाली जून २०२४मध्ये अटक. ऑगस्टमध्ये बंगळुरूच्या तुरुंगात खुर्चीवर बसून हातात सिगारेट आणि कॉफीचा कप असलेला त्याचा फोटो बाहेर आला, मग त्याला बळ्ळारीला हलवलं. डिसेंबरमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने जामीन दिला आणि १४ ऑगस्ट २०२५ला सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला; त्याच दिवशी अटक झाली. तो देशातच होता, सापडायला वेळ लागला नाही. न्यायालयाला चिंता गुन्ह्याच्या गांभीर्याची आणि आरोपीच्या वजनाची होती. लोकप्रियता ही कायद्यापुढे ढाल होऊ शकत नाही, असं न्यायालयाने बजावलं. तुरुंगात असून ज्याला कॉफी मिळते, त्याला बाहेर काय मिळेल, हा प्रश्न मला पासपोर्टपेक्षा मोठा वाटतो.

“जामीन रद्द करायला आता मुंबईला जायला नको ना?”

नको. १८ ऑगस्ट २०२५पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच भाऊसिंगजी रोडला जुन्या कोर्टाच्या इमारतीत सुरू आहे. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांचे अर्ज तिथंच चालतात. तक्रारदारालाही जामिनाविरुद्ध अर्ज करता येतो. पूर्वी त्यासाठी रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस पकडण्याच्या विचारानेच निम्मे तक्रारदार गप्प बसायचे.

“मोठ्याला दोन दिवसांत जामीन, आमच्या पोराला दोन महिने. ह्यो कुठला न्याय?”

यावर मी भांडत नाही, कारण भांडण तुमच्याच बाजूचं आहे. जामीन हा नियम आणि तुरुंग अपवाद, हे न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी १९७७मध्येच सांगून ठेवलं. पुढच्याच वर्षी त्यांच्यापुढे मध्य प्रदेशातल्या मोतीराम नावाच्या गवंड्याची केस आली. जामीन मंजूर होता, पण खालच्या कोर्टाने दहा हजारांचा जामीनदार मागितला, आणि त्याचा भाऊ जामीन राहायला आला तर दुसऱ्या जिल्ह्याचा म्हणून नाकारला. सर्वोच्च न्यायालयाने रक्कम हजारावर आणली आणि त्याला जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय स्वतःच्याच बंधपत्रावर, सोडायला सांगितलं.

इतकी वर्षं झाली, तरी कळंब्यात आदेश होऊनही आत बसलेली माणसं मी पाहिली आहेत. कारण गुन्हा मोठा असतो असं नाही. सातबारा असलेला आणि यांच्यासाठी पुढं येणारा माणूस नसतो, एवढंच. जामीनपात्र गुन्ह्यात आठवड्यात जामीनदार मिळाला नाही तर आरोपी गरीब आहे असं धरून त्याला जातमुचलक्यावर सोडायचं, असं कायदाच सांगतो. अर्ज करायला वकील नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, तिथं तो फुकट मिळतो.

“मेव्हणा म्हणतोय जामीन राहा. राहू का?”

हा शेवटचा आणि सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न. नटाला जामीन राहायला माणसं मिळतात. आर्यन खानला जुही चावला राहिली होती. तुम्हाला मेव्हणाच विचारणार.

तुम्ही त्याच्या चांगल्या वागण्याची हमी देत नाही. तारखेला तो कोर्टात उभा राहील एवढीच हमी देता. तो आला नाही तर बंधपत्रातली रक्कम तुमच्याकडून वसूल होते. वसूल झालीच नाही तर दिवाणी तुरुंगात सहा महिन्यांपर्यंत तुम्हाला बसावं लागू शकतं. याआधी किती जणांना जामीन राहिलात, तेही प्रतिज्ञेवर सांगावं लागतं. खोटं सांगू नका, सापडतं.

नंतर लक्षण बरं दिसेना तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८९खाली ‘मला मोकळं करा’ असा अर्ज देता येतो. मग कोर्ट आरोपीला बोलावून घेतं आणि नवा जामीनदार आणायला सांगतं. अर्ज दिल्याची गोष्ट मेव्हण्याला आधी सांगायची की नंतर, ते तुमचं तुम्ही बघा. आणि सही करण्याआधी आदेशाची प्रत स्वतः वाचा. माझ्याकडे आलेल्या एका काकांना भाच्याने ‘पंधराचा बाँड’ सांगितला होता. ते पंधरा हजार समजले, कागदावर पंधराच्या पुढं लाख होतं.